एका बटनाची लॅब

क्षमाचा मले अजूनही राग येते. पोट्टी हुशार, पण व्यवहारात शून्य. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या भिंतीले लागूनच तिचं घर. तिचे वडील दिवाकरभाऊ रेल्वेतून रिटायर झाले अन् लकव्यानं खाटेवर पडले, म्हणून तिले पुण्या-बेंगळुरूले जाता आलं नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांपलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कच्च्या नोकरीवर शिकवायची. दर वर्षी नवा करार, दर वर्षी धाकधूक. संध्याकाळी घरी यायची तर ओढणीवर काळी धूळ.

शहराबाहेर नवी राजधानी, न्यू रायपूर, बांधून राहिले होते, तेव्हाची गोष्ट. तिच्या लॅबमध्ये पोट्टे चिप बनवायच्या आधी ती कम्प्युटरातच चालवून पाहायचे. त्याचं विकतचं सॉफ्टवेअर कॉलेजानं बंद केलं. प्राचार्य तिले म्हणाले, फुकटातलं काही बसवून दाखवा, वरची तपासणी पार पडली की तुमचं पक्कं करून टाकू. बस्स, बाई त्या शब्दावर विसंबली.

फुकटातलं म्हणजे हॉटेलचं ताट नव्हे बाप्पा, कच्चा शिधा. नुसता कोड मिळते, तो आपल्या मशीनवर आपणच बांधून घ्यायचा. आधी तो कोडच मशीन तपासते, हे आहे का, ते आहे का, अन् एखादी गोष्ट सापडली नाही की अडून बसते. ती आणून दिली की दुसरीच मागते. मी म्हटलं, यापरीस व्याह्यांचा मानपान परवडला. ती हसली, पण जेवली नाही.

सगळं जमलं, तरी काम मधेच तुटायचं. शेवटी सापडलं. कॉलेजानं मोठ्या हौसेनं सगळ्या मशीनींवर फोल्डरचं नाव 'न्यू रायपूर' ठेवलं होतं. मधली रिकामी जागा पाहून मशीन ती दोन ठिकाणं समजायची अन् नुसतं 'न्यू' शोधत बसायची. मी म्हटलं, मशीनचं काय चुकलं, तिकडे अजून रस्ते अन् खांबच तर आहेत.

नाव जोडून लिहिलं अन् चाललं. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तिनं. मग पोट्ट्यांले त्रास नको म्हणून तिनं सगळं असं बसवलं, की नुसतं एक बटन दाबायचं. मी बजावलं होतं, क्षमा, थोडं आपल्या हाती ठेव. ऐकते कोण!

तपासणी झकास झाली. करार संपला तेव्हा प्राचार्यांनी चहा पाजून सांगितलं, आता बटन दाबून लॅब सचिन ऑपरेटरही चालवते, वेगळी मॅडम काहून पाहिजे? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला पोट्टीनं. मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही, इतका जीव जळला.

पुढच्या सत्रात कॉलेजचा फोन आला. मी तिथंच होते, दिवाकरभाऊंले पेज भरवून राहिली होती. नाव पाहून तिचा चेहरा उजळला. फोनवरच तर बोलायचं, तरी बाईनं ओढणी सारखी केली. तिकडून सचिन होता. नवे कम्प्युटर आले, सॉफ्टवेअर परत बांधायचं, कैसे करना है दीदी, विचारून राहिला होता. तिनं एकेक पायरी सांगितली, न चिडता. मी हातानं खुणावून राहिली होती, नको सांगू, अडू दे त्याईले. तिनं पाठ फिरवली.

फोन ठेवला तसं खाटेवरून दिवाकरभाऊंनी वाकड्या तोंडानं कसंबसं विचारलं, "परत बोलावलं?"

क्षमा त्यांच्या हनुवटीवरची पेज पुसत म्हणाली, "मलेही तसंच वाटलं होतं, बाबा."