सुभेदारांची धाकटी

ऐंशीच्या दशकात जयपूरला आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत. आवाज परेडच्या मैदानावरचा, पण घरात ते कुजबुजत बोलत. त्यांच्या म्हाताऱ्या पॉमेरियन कुत्रीला, चिंगीला, जरा गडबड झाली की धाप लागे. गळ्याला पट्टा काचू नये म्हणून ते तिला कडेवरच फिरवत.

मुलीच्या लग्नात वरात गल्लीत शिरताच सुभेदार हात जोडून बँडवाल्यांपुढे आले.

"भैया, बाजा यहीं रोक दो. घर में मरीज है."

व्याही घाबरले. "कोण आजारी आहे?"

"आमची धाकटी."

वरात मुकाट्याने दारात आली. व्याही आधी आजारी मुलीला बघायला गेले. पलंगावर चिंगी घरघरत झोपली होती. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा सुभेदारांकडे पाहिलं. मग मागे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "हळू या रे. झोपलीय ती."