वणीची लाल टाचणी

माणसाचा चेहरा विसरला तरी चालेल, पण त्याचा बेडका विसरू नये, या तत्त्वावर जगणारे अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच गृहस्थ आहेत आणि ते नेमके माझे साडभाऊ आहेत. यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत ते न्यूमोनियाचे जंतू वाढवतात आणि कोणते औषध त्यांना अजून मारते, कोणत्या औषधाला ते दाद देईनासे झालेत, याचा पिच्छा पुरवतात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे हे सारे मला जेवतानासुद्धा ऐकावे लागते. रक्त घातलेल्या ताटलीत जंतू पसरायचे, वर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. औषध चालले तर टिकलीभोवती मोकळे रिंगण पडते, ते पट्टीने मोजायचे. औषध हरले की घरच्या भिंतीवरल्या जिल्ह्याच्या नकाशात रोग्याच्या गावावर लाल टाचणी. महागावावर टाचणी लागली तेव्हा त्यांनी दोन दिवस गोड खाल्ले नाही. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाच्या रांगेत पुढचा म्हातारा खोकला, तर त्याचा हात धरून यांनी विचारले, "बाबाजी, गोळ्या पुऱ्या घेतल्या का अर्ध्यात सोडल्या?" म्हाताऱ्याला वाटले, हे पुजारीच आहेत. त्याने हात जोडून कबुली दिली.

मी वणीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सूक्ष्मजीवांचा धडा इतका रंगवतो की पोरे टाळ्या वाजवतात. आणि घरी? ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात. तो डबा म्हणजे आमच्या गल्लीचा दवाखाना. दोन-दोन गोळ्या वाटून मी बरीच वर्षे दानशूर म्हणवून घेतले. वणीत कोळशाच्या धुळीने सगळेच खोकतात, तिथे एका खोकल्याचे काय घेऊन बसायचे! साडभाऊ मात्र डबा पाहिला की लालबुंद व्हायचे. "मास्तर, तुम्ही जंतूले मारून नाही राह्यले, तालीम देऊन राह्यले!" मी हसून चहा पुढे करायचो.

गेल्या हिवाळ्यात ताप आला. डब्यातल्याच गोळ्यांवर आठवडा काढला आणि शेवटी धाप लागून यवतमाळच्या इस्पितळात भरती झालो. न्यूमोनिया. नमुन्याची बाटली घेऊन साडभाऊ स्वतः आले. मी आपला सभ्यपणे थुंकलो. "हा थुका झाला, मास्तर. मले छातीतला पायजे." लग्नातल्या पंगतीत जिलबीचासुद्धा त्यांनी मला इतका आग्रह केला नव्हता.

दोन दिवसांनी येऊन ते कॉटशी बसले. "तुमच्या डब्यातल्या औषधाभोवती रिंगण पडलंच नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याभोवतीबी नाही." मी मनापासून घाबरलो. फळ्यावर खडूने काढलेले जंतू मला कधी इतके खरे वाटले नव्हते. मग ते हळूच म्हणाले, "तिसऱ्याभोवती पडलं. तीनदा मोजलं म्या." ते औषध सुईतून सुरू झाले आणि मी वाचलो.

आता वणीवर लाल टाचणी आहे. जिल्ह्याच्या नकाशावर झळकायची माझी जुनी हौस अशी फिटली. इस्पितळातून सुटताना काही दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातली शेवटची गोळी मी गिळतो की नाही हे पाहायला साडभाऊ एसटीने वणीला आले. "आ करा," म्हणाले. पन्नाशीच्या मास्तराने आ केला. मग रिकाम्या पाकिटातली भोके त्यांनी तीनदा मोजली आणि पाकीट शर्टाच्या खिशात जपून ठेवले. माझ्यावर त्यांचा इतका जीव असेल असे मला खरेच वाटले नव्हते. जाताना बिस्किटांचा डबाही घेऊन गेले.

आता मी ठणठणीत आहे, म्हणून ते फिरकत नाहीत. आजाऱ्यांतून त्यांना सवड कुठे? फार आठवण आली की मी फोन लावतो आणि मुद्दाम खोकतो. पलीकडे ते क्षणभर कान देऊन ऐकतात.

"खोटा आहे," म्हणतात. "छातीतला नाही. रविवारी येतो."