आईच्या पायातली जोडवी

आईचा चेहरा आठवू गेले की आधी तिचे पाय समोर येतात. तिला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. कदाचित त्यामुळे असेल.

लग्नात घातलेली चांदीची जोडवी तिने कधी बदलली नव्हती. जाड, सलग, कुठेही फट नसलेली. पहाटे ती स्वयंपाकघरात वावरायची तेव्हा फरशीवर त्यांचा बारीक आवाज व्हायचा, आणि मला अंथरुणातच कळायचं, चहाचं आधण ठेवलं आहे. त्या हिवाळ्यात तो आवाज येईनासा झाला. थंडीसाठी तिने मोजे घालायला घेतले होते, म्हणून असेल, असं मी धरून चालले.

तिला बरीच वर्षं साखर होती. पायांतली जाणीव कमी होत चालली होती. चप्पल निसटून मागे राहायची आणि ही तशीच पुढे चालत जायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. पाय सुजलेला दिसला तेव्हा मी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही गं. दुखलं असतं तर बोलले नसते?"

आमच्या घरात आजार वेदनेवरून मोजायचा. दुखत नाही म्हणजे बरं आहे. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

संक्रांत जवळ आली तशी देवळ्याहून मावशी राहायला आली. कपडे भिजवताना तिने मोजा नाकाजवळ नेला.

"आक्का, याला वास कसला येतो गं?"

"पायाचा मोजा आहे. अत्तराचा येईल का?"

मावशी हसली नाही. तिने आईला खाली बसवलं आणि पायातले मोजे उतरवले. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट टोकाशी काळंनिळं झालं होतं. जोडवं दिसतच नव्हतं. दोन्ही बाजूंनी मांस वर येऊन ते आत रुतलं होतं.

डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, "हे आत्ता कापून काढायला हवं. मग बोट वाचतं का बघू."

आईने पाय साडीखाली ओढून घेतला. "संक्रांतीचं हळदीकुंकू होऊ द्या."

"आजी, जोडवं घालायला बोट लागतं."

"हे बाहेर बाकावर बसलेत. ते असताना उतरवू?"

मी तिला समजावू लागले. चांदीच्या वळ्याचा आणि माणसाच्या आयुष्याचा काय संबंध, वगैरे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी." मी मावशीकडे पाहिलं. सकाळपासून घाई करणारी मावशी आता खिडकीबाहेर बघत होती. तिच्याही पायांत जोडवी होती.

शेवटी डॉक्टरांनी वडिलांना आत बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"म्हणजे माझं आयुष्य तिथं अडकलंय होय?"

"तुम्हाला थट्टा सुचते."

"थट्टा नाही. आयुष्य माझं ना? मग मीच उतरवतो."

आईने साडीखालचा पाय जरासा बाहेर काढला. मग मावशीला म्हणाली, "परक्याचा हात नको. यांनी काढलं तर चालेल ना गं?"

"दाजींनीच काढलं तर कुणाची छाती आहे बोलायची?" मावशी म्हणाली, पण आवाज बारीक होता.

डॉक्टरांनी बोट धरलं आणि छोटं कटर वडिलांच्या हातात दिलं. सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. घट्ट बसलेलं काही त्यांच्या हातून सुटलं नाही, असं व्हायचं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी कटर दोनदा लावून पाहिलं आणि मागे घेतलं.

"सांभाळून. तुमच्या मशीनचा नट नाही तो," आई म्हणाली.

"नट बरा. तो बोलत नाही." त्यांनी कटर दाबलं. "दुखतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हटलं ना."

शाबासकी मिळावी अशा सुरात ती सांगत होती. डॉक्टरांनी मान वर केली नाही. जोडवं तुटून ट्रेमध्ये पडलं, तिला कळलंही नाही. त्या 'नाही'ची मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

बोट राहिलं नाही. सुजेच्या भीतीने डाव्या पायातलं जोडवंही उतरवावं लागलं. पुढे जखम वर चढत गेली. फाल्गुनात आई गेली. जोडवी उतरवली म्हणून वडिलांना काही होईल, हे भय तिने शेवटपर्यंत बाळगलं. शुद्धीत असायची तेव्हा आधी विचारायची, "हे जेवले का?"

सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिला हिरवी साडी नेसवली, चुडा भरला, मळवट भरला. मावशीने सराफ बाजारातून नवी जोडवी मागवली होती, हल्ली मिळतात तशी उघडी, दाबली की बसणारी. डाव्या पायात एक घातलं. उजव्या पायाशी येऊन ती थांबली. जोडवं हातात तसंच. कुणीतरी कुजबुजलं, "राहू दे, एकच पुरे." दुसरी म्हणाली, "असं एकच घालून कसं पाठवायचं?"

वडील भिंतीशी बसले होते. ते उठले, मावशीच्या हातातून जोडवं घेतलं आणि आईच्या पायाशी उकिडवे बसले. रिकाम्या जागेशेजारच्या बोटात त्यांनी ते सरकवलं. सैल होतं. दोन बोटांनी हळूच दाबलं. थांबले, पुन्हा थोडं दाबलं.

मग खाली वाकून, आम्हा कुणाकडेही न बघता, त्यांनी विचारलं, "दुखत नाही ना?"