आधी विहीर, मग डॉक्टर

डेलिया मॉरिअर्टीला पाहायला एकच डोळा उरला होता, आणि आता त्यातही मोतीबिंदू वाढला होता.

डावा डोळा लहानपणीच गेला. कुंपणातला काटा घुसला, कॉर्क शहरातल्या डॉक्टरने शस्त्रक्रिया केली आणि डोळा कायमचा विझला. आई मरेपर्यंत एकच घोकत राहिली, "माझंच चुकलं. आधी विहिरीवर न्यायला हवं होतं." आयर्लंडमधल्या आमच्या केरी परगण्यात एका कुरणात डोळ्यांची विहीर आहे. तीन सकाळी उपाशीपोटी जायचं, प्रार्थना म्हणत फेऱ्या घालायच्या, फडकं भिजवून डोळा धुवायचा आणि ते फडकं तिथल्या काटेझाडाला बांधायचं. फडकं कुजत जाईल तसं दुखणं सरतं. दुसऱ्याच्या फडक्याला मात्र कुणी हात लावत नाही. सोडेल त्याच्या अंगावर ते दुखणं येतं.

डेलिया बाई तशी खमकी. नवरा गेल्यावर गाई एकटीने सांभाळल्या. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला बसली की भल्याभल्यांना घाम फुटायचा. त्या हिवाळ्यात तिने चौकटचा एक्का बदामचा समजून दणक्यात टाकला. आमच्या खेळात बदामचा एक्का कायम हुकमाचा.

"डेलिया, लबाडी करतेस!" समोरचा मॉसी फॉली ओरडला. मॉसी तिचा शेजारी, तोंडाने फटकळ, मनाने साधा.

"लबाडी तुझ्या बापाने केली असेल!" ती म्हणाली. पण पान परत घेताना तिची बोटं टेबलावर चाचपडत होती, आणि मॉसीने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. "इथे नंबर लागेपर्यंत आपल्या दोघांची माती होईल. मोतीबिंदूवाल्यांना सीमेपलीकडे नेणारी बेलफास्टची बस पकड, तिथे लगेच नंबर लागतो. मी आलो ना करून? चहा निवायच्या आत आटोपतं."

"तुला दोन डोळे आहेत, मेल्या. एक गेला असता तर दुसऱ्याने रडला असतास. माझा हा गेला तर?"

"नाही केलंस तरी जाणारच आहे."

"हळूहळू जाईल. हळूहळू गेलेलं सोसतं माणसाला."

पण तेही सोसवेना. एका संध्याकाळी गाई आत घेऊन परतताना तिला स्वतःच्याच वाडीचं फाटक सापडलं नाही. मॉसीने शोधून आणेपर्यंत ती चरात बसून होती. त्यानंतर ती बसला हो म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिच्या घशाखाली बटाटा उतरेना. डोळा उघडा असेल, समोरून सुरी येईल आणि आपल्याला पापणी मिटता येणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राही. तोंडातून मात्र ब्र काढला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. डेलियाने तेच केलं. आईची चूक पुन्हा करायची नाही, या वेळी आधी विहीर आणि मग डॉक्टर. निघण्याआधीच्या तीन सकाळी ती गुपचूप तिथे गेली. पावसाने पाणी गढूळ झालं होतं, काठावर गुरांच्या खुरांचा चिखल होता. तिला तो दिसला नाही. आईच्या जुन्या एप्रनचा तुकडा भिजवून तिने डोळा चांगला चोळून धुतला, आणि तिला किती तरी दिवसांनी गाढ झोप लागली.

बसमध्ये जपमाळ झाली, सँडविचं फिरली. डेलियाचा डोळा चुरचुरत होता. ती गप्प राहिली. सांगितलं तर परत पाठवतील, असं वाटत होतं. खरं सांगायचं तर परत पाठवलं तर बरंच, असंही वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी बेलफास्टच्या दवाखान्यात पोचली तेव्हा पापण्या पुवाने चिकटल्या होत्या. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दिवा धरला आणि विचारलं, "मिसेस मॉरिअर्टी, डोळ्यात काय घातलंत?"

"पवित्र पाणी."

डॉक्टर हसली नाही, रागावलीही नाही. "आज सुरी लावली तर ही घाण आत शिरेल. मग हाती काहीच उरणार नाही. आधी हे बरं करावं लागेल."

"होईल ना बरं?"

"बघू या," डॉक्टर म्हणाली आणि औषधाचे थेंब लिहू लागली.

सुटले! डेलियाच्या मनात पहिलं हेच आलं. मग त्या 'बघू या'चा अर्थ उमगला. परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या एकेका डोळ्यावर पट्टी होती आणि सगळे गात होते. कुणी विचारू नये म्हणून तिने आपल्या डोळ्यावर रुमाल धरला.

मॉसी दिवसातून चारदा थेंब घालायला येऊ लागला. सूज उतरली, तरी तिला खिडकी दुधासारखी पांढरीच दिसत राहिली. डॉक्टरने फोनवर पुढच्या बसची तारीख दिली, आणि त्याच दुपारी डेलिया म्हणाली, "मला विहिरीवर ने."

"आता पाण्याला हात लावलास तर मीच तुला ढकलून देईन!"

"पाणी नको. माझं फडकं सोडायचंय. आता विहीर नको, फक्त डॉक्टर."

झाडाला शेकडो चिंध्या. ती फांद्या चाचपत राहिली, काटे बोटांत रुतत राहिले. शेवटी ती चिखलातच बसली. "मॉसी, मला फार भीती वाटते रे. आंधळी होऊन जगायची. कुणाला सांगितलं नाही मी."

मॉसी झाडाकडे वळला. मग विचारलं, "कसलं होतं?"

"आईच्या एप्रनचं. निळ्या काठाचं. पण तू नको सोडूस, तुझ्या अंगावर येईल."

मॉसीला निळा काठ सापडला, पण गाठ भिजून घट्ट झाली होती. तरी त्याने ती सोडली आणि फडकं आपल्या खिशात घातलं. "मी आंधळा झालो तर तुझी लबाडी कोण पकडणार?" तो म्हणाला.

डेलियाने त्याची बाही घट्ट पकडली. "पुढच्या बसला बरोबर ये. धीर देऊ नकोस, समजावू नकोस. निघायच्या दिवसापर्यंत रोज सकाळी येऊन फक्त माझे हात धरून बस. भीती वाटली की ते पुन्हा या विहिरीच्या पाण्याकडेच वळतात."