जोड लावणारे पंच

पंच स्वतः कधी खेळत नसत. मोशीतल्या आपल्या घराच्या मधल्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरसमोर, खुर्चीत मांडी घालून ते बसत आणि दुसऱ्यांचा खेळ बघत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली होती. तेव्हापासून कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं होतं. उरलेल्या बोटांनी टाइप करता येई, पण माऊस धरून नेम साधणं जमत नसे. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. "आपलं काम नेम धरायचं न्हाई, जोड लावायचं हाय," असं ते म्हणत.

खेळ बंदुकांचा होता. दोन गट समोरासमोर, एकानं बॉम्ब पेरायचा आणि दुसऱ्यानं तो निकामी करायचा. तेव्हा असा खेळ इंटरनेटवर कुणालाही आपल्या सर्व्हरवर मांडता येत असे. दार उघडं, ज्याला यायचं त्यानं यावं. पण उघड्या दाराची एक खोड असते. चांगले खेळणारे एका बाजूला गोळा होतात आणि नवख्यांना तुडवतात. मग नवखे येईनासे होतात. पंचांच्या सर्व्हरवर असं होत नसे. फर्स्ट शिफ्ट करून घरी आले की चहाचा कप हातात घेऊन ते डाव बघायला बसत, आणि एकतर्फी होतोय असं दिसलं की इकडचा माणूस तिकडे टाकत. कुणी कुरकुर केली तर पडद्यावर एवढंच उमटे : "जोड लावलीय. खेळा."

हे त्यांच्या घरातच होतं. त्यांचे आजोबा आणि वडील गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावत. गर्दीतून दोन पैलवान पुढे यायचे, आणि ते तुल्यबळ आहेत की नाहीत हे यांनी नजरेनं ठरवायचं. ठरवणं चुकलं तर लोक शिव्या घालत, बरोबर आलं तर कुणाच्या लक्षातही येत नसे. "वजनावर जोड लागत न्हाई," पंच सांगत. "मनगट बघायचं, कान मोडलाय का बघायचं, आन् मागल्या खेपंला कसा हरला ते इचारायचं. माणूस जितताना सारखाच दिसतो. हरताना कळतो."

मी तेव्हा परभणीहून येऊन हिंजवडीच्या एका कंपनीत लागले होते आणि मोशीत दोघींबरोबर भाड्यानं राहत होते. कंपनीच्या कॅबमध्ये जाण्यायेण्यात आयुष्य चाललंय असं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून मी खेळायला लागले, नाव घेतलं 'परभणी'. आधी दुसऱ्या सर्व्हरवर गेले होते. तिथं मी दारातून बाहेर पडायच्या आत मरायचे आणि वर शिव्या खायचे. पंचांच्या सर्व्हरवर आले तेव्हा त्यांनी माझे दोन डाव बघितले आणि समोर देहूरोडचे एक काका आणून ठेवले. काका दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याइतकेच गोंधळणारे. त्या दुपारी आम्ही दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एकमेकांना घाबरून, कितीतरी वेळ उभे होतो. शेवटी मी जिंकले. पुढच्या डावात त्यांनी मला गाठलं. इतकं हसू मला पुण्यात आल्यापासून आलं नव्हतं.

एकदा माझा माईक चुकून चालू राहिला आणि मी बाई आहे हे सगळ्यांना कळलं. दोन जण लगेच घाण बोलायला लागले. पंचांनी खेळ थांबवला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला, शांत, थोडा घसा बसलेला. "इथं आवाज बघून जोड लागत न्हाई, खेळ बघून लागती," ते म्हणाले आणि त्या दोघांना कायमचं बाहेर काढलं. नंतर मला खासगीत लिहून विचारलं, ताई, घर कुठं? मी मोशी म्हटल्यावर त्यांनी आपला पत्ता दिला. आमच्या सोसायटीच्या मागच्याच गल्लीत ते राहत होते. रविवारी त्यांच्या बहिणीनं पोहे खायला बोलावलं. तेव्हापासून मी त्या घरातली झाले.

बहीण, सुमनताई, नवरा वारल्यावर मुलाला घेऊन वरच्या मजल्यावर राहायला आली होती. मुलगा प्रतीक. पंचांना मूलबाळ नव्हतं, लग्नच झालं नव्हतं, त्यामुळे भाच्यावर सगळा जीव. आणि प्रतीक खेळायचा असा की बघत राहावं. पंचांची सगळी विद्या त्याच्यापुढे थांबायची, कारण त्याला जोडच नव्हती. मग ते एकट्या प्रतीकसमोर तिघंचौघं उभे करत. तो त्यातूनही बरेचदा निघायचा, पण घामाघूम होऊन.

"मामा, तुम्ही मला कधी निवांत जिंकूच देत नाही," तो एकदा पोहे खाताना म्हणाला. "दिवसभर कॉलेजात परीक्षा, इथं आलं की परत परीक्षा. मी चांगला खेळतो म्हणून शिक्षा आहे का ही?"

 पंच म्हणाले, "शिक्षा न्हाई रं. पर तू निवांत जितायचं म्हंजी दुसऱ्या कुणीतरी उगाच मरायचं."

प्रतीक हसला. मलाही तेव्हा त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटलं नव्हतं.

अगदी नव्या लोकांसाठी पंचांनी एक वेगळी खोली ठेवली होती, 'लिंबूटिंबू' नावाची. तिथं शिकलेल्यांना मज्जाव. काही महिन्यांनी त्या खोलीत एकेक अनोळखी नाव यायला लागलं. यायचं, दिसेल त्याला मारायचं आणि जायचं. नवी माणसं एकदा यायची ती परत यायचीच नाहीत. पंच रोज तिथं नजर लावून बसले. एका रविवारी सकाळी मी तिथंच होते. पडद्यावरचा तो खेळाडू एका दारापाशी थांबला, अर्धं मागं वळला आणि मग आत शिरला. पंचांनी हातातला कप खाली ठेवला.

"हे वळणं म्या वळखतो," ते म्हणाले. मग जिन्याकडे बघून हाक मारली, "प्रतीक, खाली ये."

प्रतीक खाली आला. लपवाछपवी केली नाही. खोट्या नावांनी खेळून तो त्याचे व्हिडिओ काढत होता, आणि लोक ते आवडीनं बघत होते. "मामा, ह्यात हॅकिंग नाही, काही नाही. मी माझ्या हातानं खेळतो."

"हात तुझाच हाय. नाव तुझं न्हाई."

"सगळे करतात."

"करत्यात," पंच म्हणाले. "मंग त्यांच्यात जा."

आणि त्यांनी त्याच्यासमोरच त्याचं खरं नावही बंद केलं. सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दादा, गेममधनं काढलंस. आता घरातनं बी काढतोस का?" पंच परत पडद्याकडे वळले.  तेच उत्तर ठरलं. महिनाभरात मायलेक चिखलीला भाड्याच्या खोलीत गेले. त्या वर्षी राखी आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

प्रतीकनं स्वतःचा सर्व्हर काढला. तिथं कुणी कुणाला हलवत नसे, कुणाला काढत नसे. आमचे लोक एकेक करून तिकडे गेले. तुडवणारे गेले हे समजण्यासारखं होतं. पण ज्यांना पंचांनी सांभाळून घेतलं होतं तेही गेले, तुडवले जायला. देहूरोडचे काका तेवढे राहिले, आणि मग तेही आजारी पडले. काही संध्याकाळी मी आत यायचे तर मी एकटीच असायचे, आणि पंच बघत असायचे. बघायला काहीच नसताना.

अशात खेळाच्या कंपनीनं नवी आवृत्ती आणली. तिच्यात सर्व्हर शोधायचे नव्हते. बटण दाबायचं, आणि मशीन तुमच्या ताकदीचे खेळाडू शोधून देणार. मला वाटलं, पंच दुखावतील. ते खुलले. "बरं झालं," म्हणाले, "मी मरंपतोर थोडाच बसणार होतो? आता मशीन बसंल." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः खेळायला बसले, मशीन जोड कशी लावतं ते बघायला. माऊस डाव्या हातात घेतला. अर्थातच ते हरले. मशीननं त्यांना एक पायरी खाली घेतलं. तिथंही हरले. आणखी खाली. असं करत ते अगदी तळाला पोचले. तिथं तरी आपल्यासारखे दुबळे भेटतील असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा कॉम्प्युटर बंद होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"तळाला गेलो गं ताई," ते म्हणाले. "तर तिथं सगळे प्रतीकच."

त्यांनी कंपनीला लिहिलं. माझ्याकडून इंग्रजी करून घेतलं. खोटी नावं घेऊन खाली उतरणारे त्यांच्या चालीवरून कसे ओळखायचे, नवख्याला पहिले काही दिवस कसं जपायचं, हे सगळं त्यात होतं. तुमच्या सूचनेबद्दल आभार, असं ठरीव उत्तर आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत जुनी आवृत्ती बंद झाली आणि तिच्याबरोबर लोकांनी स्वतः मांडलेले सगळे सर्व्हर. पंचांचाही गेला. त्या दिवशी मी ऑफिसमधून फोन केला, तर ते म्हणाले, "व्हय, गेला. जेवलीस का?"

त्यांना मी शेवटचं भेटले ते चिखलीला. प्रतीकनं तिथं गेमिंग शिकवायची अकॅडमी काढली होती. उद्घाटनाला सुमनताईंनी स्वतः फोन करून भावाला बोलावलं. इतक्या वर्षांनी आलेला तो फोन. पंच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, मला सोबत घेऊन. प्रतीक सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडला आणि त्यानं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सुमनताई त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघंही समोर बघत राहिले.

मग सामना लावला. एका बाजूला अकॅडमीची तयारीची टीम, दुसऱ्या बाजूला प्रेक्षकांतून उठवलेले हौशी. मोठ्या पडद्यावर हौशी पटापट मरायला लागले आणि दर वेळी हॉल हसत होता. कॉलेजातल्या एका मुलीनं मध्येच हेडफोन काढला आणि मान खाली घालून बसून राहिली.

पंच उठून प्रतीकजवळ गेले. "जोड चुकली रं," ते हळूच म्हणाले.

प्रतीक चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "मामा, मी लावून बघितलीय," तो म्हणाला. "इथंच, उद्घाटनाच्या आधी प्रॅक्टिसला लोक यायचे तेव्हा. तुमच्यासारखीच, प्रत्येकाचा खेळ बघून, तोलाची. लोक थोडा वेळ बघतात आणि उठून जातात. खेळणारेसुद्धा."

"तू लावलीस?"

"लावली. बरेच दिवस लावली."

 पंचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बाहेर आले. मी मागोमाग गेले. स्टॉपवर बसची वाट बघत आम्ही उभे होतो. भर दुपार होती, रस्त्यावरून कंटेनर जात होते.

"त्यानं लावून बघितली," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुणी लावतच न्हाई म्हणून असं हाय."

 मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू अजून खेळतीस का?"

"कधीकधी."

"कुणाशी?"

"माहीत नाही, पंच. मशीन लावतं. रोज वेगळे असतात."

त्यांनी मान हलवली. मोशीची बस आली. मला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून ते एकटेच चढले. त्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच, असं सुमनताईंनी कळवलं. मी परगावी होते, पोचू शकले नाही. मी अजून कधीकधी बटण दाबते. मशीन समोर कुणाला तरी आणून उभं करतं. ते कोण आहे, मागल्या खेपेला कसं हरलं, हे मला कळत नाही, आणि माझ्याबद्दलही कुणी विचारत नाही.