हजार वावांखालचा शंख

माझा धाकटा भाऊ दादू समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारा दुरुस्त करणाऱ्या जहाजावर कामाला होता. साताऱ्यात हे कुणाला सांगितलं की लोक म्हणत, "समुद्राखाली तारा? काहीतरीच!" मग मी सांगायचंच सोडून दिलं. लढाईच्या दिवसांत तो एकदा सुट्टीवर आला तो माझ्यासाठी पत्र्याच्या डबीतून चिखल घेऊन. वर ओढलेल्या तारेला चिकटून आलेला, हजार वाव, म्हणजे सहा हजार फूट खोलीवरचा. म्हणाला, "ताई, तुला झुरळं फाडायची भारी हौस ना? घे, समुद्राचा तळच आणलाय." मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवायची. कॉलेजात झुरळं फाडली त्याला किती वर्षं झाली होती, पण या कार्ट्याची चेष्टा काही संपत नव्हती.

तो परत गेल्यावर मी तो चिखल मलमलीतून धुतला. तळाला ज्वारीच्या दाण्याएवढे शंख उरले. बहुतेक फुटके, एकच धड. तो कापसावर ठेवून काड्यापेटीत घातला आणि पेटी देवघराच्या फळीवर ठेवली, कारण घरात उंदरांचा सुळसुळाट होता.

मग कंपनीचं पत्र आलं. जहाज बुडालं, तुमचा भाऊ सापडलेला नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही. "सापडला नाही म्हणजे गेला, असं लिहिलंय का त्यांनी?" म्हणाली. तसं लिहिलेलं नव्हतं. समाचाराला आलेल्या बायकांना तिने दारातूनच सांगितलं, "आमच्याकडे काही झालेलं नाही." दिवस कुणाला करू दिले नाहीत. बायका यायच्या बंद झाल्या. मला मात्र घरात त्याच्यासाठी रडायचीही चोरी. रडले की आई विचारी, "काय गं, डोकं दुखतंय का?"

तेव्हा मी त्या शंखाच्या मागे लागले. नव्या जातीचं पहिलं वर्णन जो छापतो, नाव ठेवायचा मान त्याचा. हा शंख नवा निघाला तर त्याला भावाचं नाव द्यायचं, आणि जुना निघाला तर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आधीच त्याला चिकटलेलं असणार. त्याच्या मागे ना बायको, ना पोर. दुसरं काय राहणार होतं त्याचं?

कॉलेजातले माझे जुने सर सांगलीला राहत. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि शंखांवरची जाडजूड पुस्तकं. सुट्टी लागली की मी तिकडे जाई. पहिल्याच खेपेला सरांनी नळीवरून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "अहो, याच्या तोंडाशी पिवळा पट्टा आहे! इतक्या खोलीवरचे हे सगळे पांढरेफटक असतात. नवाच दिसतोय." मी पट्ट्यासकट चित्र काढलं. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आई पूजेला बसलेली, काड्यापेटी उघडी, आणि दूर्वेच्या टोकाने ती शंखाला गंध लावते आहे.

"अगं बाई! हे काय करतेस?"

"काय करते? शंख आहे ना तो? मग शंखाला गंध-फूल नको?" मोठ्या शंखाला लावते तसंच ती यालाही रोज लावत होती, काड्यापेटी फळीवर आली तेव्हापासून. "जिथला हा आहे, तिथंच तो आहे," ती म्हणाली. "याची पूजा चुकवून कसं चालेल?"

मी कपाळावर हात मारून घेतला. माझी नवी जात म्हणजे आईचं पिवळं गंध! मनातून इतकी चिडले की काड्यापेटी उचलून परसात भिरकावावी असं वाटलं. पण तिच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हटलं, "हे धुवावं लागेल. नाहीतर त्याला दादूचं नाव लागायचं नाही." मग तिनेच बंबातलं कोमट पाणी आणून दिलं.

पुन्हा सांगलीची वाट. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार चढ आला की धापा टाकायची. इस्लामपूरच्या अलीकडे शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "आवं बाई, एवढं जपून काय धरलंय?"

"गोगलगाय आहे."

"गोगलगाय! आमच्या उसात लय हायती की. सांगलीला कशापायी नेताय?"

मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी. म्हटलं, "समुद्रातली आहे. भावाने आणलेली."

"आमचा पोरगा बी लढाईवर हाय. तुमचा भाऊ कवा येणार?"

"तो गेला," मी म्हणाले.

हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले, तेही एका अनोळखी माणसापुढे. आपलं गाठोडं मांडीवर घेऊन म्हाताऱ्याने मला खिडकीकडची जागा दिली. तिथून सांगलीपर्यंत मी तोंड बाहेर करून रडत होते.

धुतलेला शंख पांढराशुभ्र होता, काचेसारखा. पण गंध होतं नेमकं तिथेच बारीक मण्यांची एक ओळ निघाली, आणि तोंडाच्या काठाला खाच. सरांनी दोन दिवस पुस्तकं चाळली. अशी ओळ आणि अशी खाच एकत्र कुठल्याच जातीला नव्हती. नवा होता, खराच नवा.

वर्णन इंग्रजीत लिहायचं होतं. माझा कच्चा मजकूर सुधारताना सरांनी भावाच्या नावाआधी 'कैलासवासी'चा इंग्रजी शब्द घातला. मी म्हटलं, "सर, तेवढं काढा ना." ते हळूच म्हणाले, "अहो, आणलाय कुणी ते लिहितोय आपण. त्यात खोटं कसं लिहायचं?" मी तो शब्द तसाच राहू दिला. शंख कलकत्त्याच्या संग्रहालयात द्यावा लागला. तशी रीतच आहे. तो घरून निघताना आईने त्याच्यावर एक फूल वाहिलं आणि म्हणाली, "जपून ठेवा म्हणावं. पुन्हा पाण्यात नका टाकू."

लढाई संपल्यावर छापील अंक आला. चष्मा लावून आई जवळ बसली. इंग्रजी तिला येत नव्हतं. शंखाचं चित्र तिने ओळखलं, त्याच्या नावावर माझं बोट होतं तिथे वाकून बघितलं. मग खालच्या ओळीत तशीच अक्षरं बघून, आणणाऱ्याचं नाव होतं तिथे, तिने स्वतःच बोट ठेवलं.

"हा पण तोच ना? मग त्याच्या आधी हे काय लिहिलंय?"

तो सरांनी घातलेला शब्द होता.

"इंग्रजीत चिरंजीव लिहितात का गं?"

"लिहितात," मी म्हटलं. "तेच आहे ते."

ती उठली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि त्या शब्दावर कुंकवाचं बोट टेकवलं. मी अंक मिटून फळीवर ठेवला. घरात आम्ही दोघीच होतो, आणि तो गेला हे ठाऊक असलेली मी एकटीच.