सहा बाटल्यांचा वाटा

शिरोड्याच्या मासळी बाजारात ठकुबाई केळुसकर बत्तीस वर्षं बसली. तिच्याकडून बांगडे घेऊन निघालेलं गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत आपण जिंकलो की फसलो याचाच हिशेब करत असे. विकायला ती जेवढी पक्की, तेवढीच घ्यायलाही. वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी तीनशे रुपये फी सांगितली, तेव्हा ती म्हणाली होती, "अडीचशे घ्या, पुढल्या महिन्यात दुसरा गुडघा घेऊन येते." डॉक्टरांनी घेतले होते.

त्या गुडघ्यांनीच शेवटी तिला बाजारातून उठवलं. मग मुलाने, सुदेशने, तीन महिन्यांचा व्हिसा काढून तिला अबुधाबीला आणलं. खलिफा सिटीत त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट. सून रुपाली एका शाळेत अकाउंट्स बघायची. नात मिहिका आठ वर्षांची, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत यायचं. घरात एसी, टीव्हीवर मराठी मालिका, हाताशी चहा. पंधरा दिवसांत ठकुबाई सुकली.

काय होतंय ते तिलाच सांगता येईना. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. रुपालीला वाटलं, हवा मानवत नसेल. खरं कारण असं होतं की पंधरा दिवसांत तिने एकदाही भाव केला नव्हता.

प्रयत्न केला होता. हायपरमार्केटमध्ये बर्फावर पापलेटं मांडलेली होती आणि जवळपास ओरडणारं कुणीच नव्हतं. तिने काउंटरवरच्या मुलाला बोटांनी खुणा करून सांगितलं, "पस्तीस नाही, वीस." त्याने मासा तोलला, पस्तीसचा स्टिकर चिकटवला आणि म्हणाला, "थँक यू, मॅम." इमारतीखालच्या अफगाणी भट्टीवाल्याकडे तिने दोन रोट्या दीड दिरहमला मागितल्या, तर त्याने हसून दोन्ही फुकट दिल्या. त्या दिवशी ती जेवली नाही. रुपालीला म्हणाली, "मला भिकारीण समजला तो. अगो, एक शब्द तरी भांडायचा."

अशात सुदेशचे साहेब जेवायला यायचे ठरले. साहेबांचं नाव सोमनाथ. सगळे सोमनाथ सर म्हणत. त्यांनी दुबईत वाइनचा तीन दिवसांचा कोर्स केला होता आणि त्यानंतर ते पाणीसुद्धा वास घेऊन पीत. म्हणजे घरात चांगली वाइन हवी. सुदेशला बिअरपलीकडे काही कळत नव्हतं आणि तो नेमका रिफायनरीच्या शटडाउनसाठी रुवैसला अडकला होता. रुपालीच्या शाळेत ऑडिट चालू होतं. जेवण दुसऱ्या दिवसावर आलं, तेव्हा सुदेशने आईच्या फोनवर एका बाटलीचा फोटो पाठवला. काळी बाटली, वर सोनेरी घोडा. "आई, ही दोन आण. अलीमियाँ नेतील तुला."

अलीमियाँ समोरच्या इमारतीत राहत. मूळचे श्रीवर्धनचे, वडील सुपारीचे व्यापारी, आणि ते स्वतः गेली बावीस वर्षं इथे टॅक्सी चालवत. कुठे जायचं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकी, गाडी दुकानापर्यंत नेतो. बाटलीला मी हात लावणार नाही. पण येताना सावकाश चालवीन."

दुकान होतं हायपरमार्केटच्या मागच्या अंगाला. काळ्या काचांचं दार, बाहेर धड पाटीसुद्धा नाही. पार्किंगपासून दारापर्यंत जाताना ठकुबाईने ओला पंचा डोक्यावर घेतला आणि आत पाऊल टाकलं. आत गोडाऊनसारखं अवाढव्य दालन. छतापर्यंत खोके, मधल्या वाटांवरून ट्रॉल्या आणि जिथे तिथे लाल पिवळ्या पाट्या: अमुक टक्के सूट, सहा घ्या पाचचे पैसे द्या. या साखळी दुकानाच्या देशभर शाखा होत्या आणि सगळीकडे अशीच सूट बारमाही असे. ठकुबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हा बाजार आहे हे तिला वासाविनाही कळलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिची पाठ सरळ झाली.

घोडा सापडला. खाली आकडा होता एकशे पासष्ट. तिने तेवीसने गुणलं आणि मोठ्याने म्हणाली, "अडतीसशे रुपये. एका बाटलीचे."

शेजारी खोके लावणारा माणूस वळला. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं विष्णू. "गुड आफ्टरनून, मॅडम, मे आय हेल्प," असं म्हणता म्हणता त्याची नजर तिच्या नऊवारीवर गेली आणि इंग्रजी तिथेच थांबलं. "काकी, तुमी खयच्या?"

"शिरोड्याची. आनि तू?"

"आरोंद्याचो."

"मगे इंग्रजी कित्याक झाडतस? ह्या घोड्याचे पन्नास घे."

विष्णूने बारकोड दाखवला. "काकी, हय भाव करूक गावना नाय. मशीन सांगता तोच भाव."

"मशीनचो मालक खंय आसा?"

"लंडनाक."

लंडनला जाणं शक्य नव्हतं. तिने दुसरा मुद्दा काढला. घोडा एवढा महाग का? विष्णू म्हणाला, बाटली दहा वर्षांची जुनी आहे, म्हणून.

ठकुबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "शिळी म्हाग?"

"होय."

"आनि ताजी?"

"ताजी सवाय. एकदम स्वस्त."

बत्तीस वर्षांच्या धंद्यात हे तिने कधी ऐकलं नव्हतं. शिळा माल तिने सकाळी सकाळी अर्ध्या भावात फुंकला होता, मांजरांना घातला होता, एकदा तर एका नावडत्या व्याह्याला भेट दिला होता. आणि हे लोक शिळ्याचे अडतीसशे मोजत होते. ती म्हणाली, "माका ताजीच दी."

विष्णूने तिला एका मोठ्या जाळीच्या टोपलीपाशी नेलं. त्यात बाटल्या आडव्यातिडव्या टाकलेल्या होत्या, एकोणीस दिरहमला एक. बारा घेतल्या तर आणखी सूट. वरच्या बाटल्यांकडे तिने बघितलंही नाही; वर ठेवतात तो माल कसा असतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि तळातल्या काढायला सुरुवात केली. प्रत्येक बाटली ओल्या पंचाने पुसायची, उजेडाला धरून आत बघायचं, बुडाच्या खळग्यात अंगठा दाबायचा. सुरमई आणि तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर कोणती चालेल, असं तिने विचारलं. विष्णू म्हणाला, पांढरी. ते तिला पटलं. बारा पांढऱ्या घेऊन ती बाहेर आली.

अलीमियाँनी डिकी उघडली आणि आभाळाकडे बघत उभे राहिले. ठकुबाईने खोका स्वतः चढवला. परतीच्या वाटेवर ते खरोखरच एवढे सावकाश आले, की मागून एका पाण्याच्या टँकरने दोनदा हॉर्न दिला.

रुपालीने खोका उघडला आणि एक बाटली वर काढली. "आई, ह्याचं झाकण फिरवून उघडतं हो. सरबतासारखं. सोमनाथ सर काय म्हणतील?"

"बरं आहे की. तुमच्या घरात बूच काढायचं यंत्र तरी आहे का?"

नव्हतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी रुपालीने लेबल दिसू नये म्हणून दोन बाटल्या काचेच्या जगात ओतल्या आणि जगाभोवती नॅपकिन गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सुदेश रुवैसहून थेट जेवणाच्या वेळेला पोचला. सोमनाथ सर आणि त्यांच्या पत्नी मनाली आले. सरांनी पेला दांडीला धरला, गरागरा फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. सगळे थांबले. मिहिकाने घास तोंडातच ठेवला.

"पीच," सर म्हणाले. "ओला दगड. आणि मागून... थोडासा समुद्र."

"समुद्र सुरमईचा आहे," ठकुबाई म्हणाली आणि त्यांना आणखी एक तुकडी वाढली.

सरांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. "सुदेश, धिस इज सीरियस स्टफ. माशाबरोबर काय जमलंय. मी अंदाज सांगू? दीडशे? दोनशे?"

सुदेश ना हो म्हणाला, ना नाही. त्याला वाटलं होतं, त्या काचेच्या जगात घोड्याचीच वाइन आहे. तो नम्रपणे हसला.

"नाइन्टीन," मिहिका म्हणाली. "आजी गॉट ट्वेल्व्ह."

 मनाली खिडकीबाहेर बघू लागल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सोमनाथ सरांनी पेला टेबलावर ठेवला. त्यांच्या कपाळावर तीन दिवसांचा कोर्स आणि त्याची फी दोन्ही उमटली होती. मग ते हळूच पुढे वाकले. "बारा? मग उरल्या असतील ना?"

जाताना त्यांनी चार बाटल्या पिशवीतून नेल्या. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला, आई मोकळ्या आहेत का.

अशी ठकुबाईची फेरी सुरू झाली. आधी सोमनाथ सर, मग त्यांचे शेजारी, मग ऑफिसातले दोघं तिघं. उंच गाड्यांत तिला चढता येत नसे, म्हणून ती अलीमियाँच्या टॅक्सीत आणि साहेब लोक मागून आपापल्या गाड्यांत. दुकानात ती पुढे, मागे ट्रॉल्या ढकलणारे इंजिनिअर. ती तळातली बाटली काढायची, पुसायची, उजेडाला धरायची आणि मान हलवायची. होकार असला तर बाटली ट्रॉलीत. तिने स्वतः एकदाच घोटभर चाखून बघितली आणि म्हणाली, "आमच्या माडीत कुणी पाणी घातलं तर अशी लागते." पण मत आपल्यापाशी ठेवलं. गिऱ्हाइकाच्या जिभेत आपण नाक खुपसू नये, असं तिचं म्हणणं.

तिचा रंग परत आला. भाव मात्र अजून करता येत नव्हता. एवढंच कळलं, की लेबल फाटलेल्या बाटलीवर दहा टक्के जास्त सूट मिळते. हे विष्णूने सहज सांगितलं आणि नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.

कारण महिन्याअखेरीस दुकानाची माल-मोजणी झाली आणि लेबल निघालेल्या बाटल्या भरल्या सत्तेचाळीस. मॅनेजरने कॅमेरे तपासले. पुढच्या खेपेला ठकुबाई आत शिरली तशी तिला ऑफिसात बोलावलं. त्या दिवशी बरोबर साहेब लोक कुणी नव्हते. दुभाष्या म्हणून विष्णू उभा राहिला. 

मॅनेजर बैरूतचा, टक्कल पडलेला, दमलेला माणूस. त्याने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. स्क्रीनवर नऊवारीतली एक बाई ओल्या पंचाने बाटल्या खसाखसा पुसत होती आणि लेबलं सोलून पंचाला चिकटत होती. पहिल्या दिवशी ती निव्वळ सवयीने पुसत होती, यात शंका नाही. पुढे पुढे ती जरा जोर लावत होती का, ते कॅमेऱ्यात कळत नव्हतं आणि तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

ठकुबाईने सगळं शांतपणे पाहिलं. "किती बारीक दिसतंय मी," ती विष्णूला म्हणाली. "परत लाव सांग तेका."

मॅनेजरने परत लावलं नाही. त्याने कोपऱ्यातल्या लेबल गेलेल्या बाटल्यांकडे बोट केलं. लेबलाबरोबर बारकोडही गेला होता. आत काय आहे, कुठल्या गावचं आहे, काही कळायला मार्ग नव्हता. "हबीबी, तिला विचार," तो विष्णूला म्हणाला, "आता मी ह्यांचा भाव काय लावू? मशीन वाचत नाही."

विष्णूने भाषांतर केलं. ठकुबाईने ते एकदा ऐकलं, मग पुन्हा सांगायला लावलं. मशीन वाचत नाही. म्हणजे भाव तोंडानेच सांगायला लागणार.

तिने खुर्ची पुढे ओढली. उठून सहा बाटल्या उचलल्या आणि मॅनेजरच्या टेबलावर, त्याच्या फायली बाजूला सारून, नीट मांडल्या. बांगड्यांचा मांडावा तसा वाटा. "ह्या वाट्याचे तीस," ती म्हणाली.

मॅनेजरने विष्णूकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे. तिला ओरडायचं की हाकलायचं हे त्याने बहुधा आधी ठरवलं होतं. पण त्याचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे गेला. त्याने नव्वदचा आकडा दाखवला. ठकुबाई उठून दारापर्यंत गेली. "ऐंशी," तो मागून म्हणाला. ती परत आली, एक बाटली उलटी धरून बुडाकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. त्याने छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक सांगितलं.

"काय म्हणता?" तिने विचारलं.

"त्याची पोरां उपाशी मरतली म्हणता."

"तेका सांग, माझे गुडघे गेले."

पाऊण तास हे चाललं. मध्ये कॉफी आली, खजूर आले. मॅनेजरने कोट काढला, बाह्या सरसावल्या. लंडनच्या मशीनखाली नोकरी करून त्याचीही बरीच वर्षं कोरडी गेली असावीत. शेवटी पंचावन्नला सौदा पटला. "खलास," असं म्हणून त्याने टेबलावर थाप मारली आणि स्वतःच्या अधिकारात बिल केलं. पंचा मात्र यापुढे बाहेर ठेवायचा, एवढी अट घातली. ठकुबाईने ती मान्य केली.

ती बाहेर आली ती जणू गुडघे नवे बसवून. अलीमियाँनी डिकी उघडली, आभाळाकडे पाहिलं. तिने पिशवी ठेवली, पुढे बसली आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. कॅमेरा, बैरूत, वाटा, पंचावन्न.

अलीमियाँ रस्त्यावर नजर ठेवून ऐकत होते. दारूशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण सुपारीवाल्याच्या घरात वाढलेले होते. मनाशी हिशेब करून ते म्हणाले, "कॉफी पाजली, खजूर दिले. म्हणजे काकी, त्याला माल घालवायचाच होता. पन्नासला दिला असता."

 दोन राउंडअबाउट गेले. खलिफा सिटीचे व्हिला दिसू लागले. शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती.

"मियाँ," ती म्हणाली, "अजून एक्केचाळीस आहेत त्याच्याकडे. गाडी वळवा."

अलीमियाँनी इंडिकेटर दिला.